पंप बदलण्याआधी दोन प्रश्न

ज्याचे पोट गाडीवर आहे, त्याची गाडी दोन दिवस उभी राहिली तर कर्जाचा हप्ता आणि घरचा किराणा दोन्ही अडतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एका ड्रायव्हर बंधूवर हीच वेळ आली. स्टार्टर फिरत होता, टाकीत पेट्रोल होते, पण गाडी सुरू होईना. गॅरेजवाल्याने पाहताक्षणी सांगितले, "पंप गेला, नवा टाका."

आम्ही कारकून माणसे. जमाखर्च जुळला नाही, तर एकेक नोंद तपासतो. वही फेकून देत नाही. वस्तीतील एका जाणत्या इलेक्ट्रिशियनला बोलावून आम्ही तोच नियम येथे लावला.

जुन्या कार्बोरेटरच्या बऱ्याच गाड्यांत पंप इंजिनावर असे आणि इंजिनच त्याला चालवी. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत तो विजेवर चालतो व बहुधा टाकीच्या आत असतो. किल्ली 'ऑन' केली, की बहुतेक गाड्यांत दोन-तीन सेकंद मागून बारीक गुणगुण ऐकू येते. ती आली नाही, तर आधी फ्यूज, मग रिले पाहावा; त्यानंतर पंपाच्या वायरीपर्यंत वीज येते का, ते तपासावे. वीज आणि अर्थिंग दोन्ही ठीक असून पंप गप्प असेल, तरच दोष पंपाचा.

आमच्या त्या गाडीत फ्यूज शाबूत होता. हॉर्नचा त्याच नंबरचा रिले काढून पंपाच्या जागी लावला आणि गुणगुण सुरू झाली. पंपाच्या मानाने अगदी थोड्या पैशांत नवा रिले आला. संध्याकाळी गाडी भाड्यावर गेली.

पंपाचा आवाज येतो, पण गाडी चढावर दम टाकते, तेव्हा गेज लावून पेट्रोलचा दाब मोजावा लागतो. अनेक गाड्यांत तो 3 बारच्या आसपास असतो. कमी भरला, तर तुंबलेला फिल्टर, दबलेला पाइप, रेग्युलेटर आणि शेवटी पंप, असे क्रमाने पाहावे. हे काम मात्र कारागिराकडूनच, मोकळ्या हवेत, गार इंजिनावर करून घ्यावे. पाइपात दाब असतो. पेट्रोल अंगावर उडते. जवळ विडी-काडी नको.

टाकी नेहमी तळाला नेऊ नये, कारण आतल्या पंपाला पेट्रोलच थंड ठेवते.

गॅरेजवाल्याशी भांडण्याचे कारण नाही. "दादा, पंपापर्यंत वीज येते का? दाब किती भरला?" एवढे नम्रपणे विचारावे. उत्तर मिळाल्यावरच घामाचा पैसा खिशातून काढावा.