आधी प्रोसेसर ओळखा

२०२४ च्या उन्हाळी सुट्टीत मी वाराणसीला आजोबांकडे गेलो होतो. दुर्गाघाटाजवळच्या गल्लीत आमचे जुने घर आहे. त्या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आजोबांच्या छोट्या लॅपटॉपमधले विंडोज सुरूच होत नव्हते. त्यात त्यांनी चार वर्षे खपून टाइप केलेली घराण्याची वंशावळ होती. तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

शाळेत मी एकदा लिनक्स बसवले होते. "आजोबा, तासाभरात करून देतो," असे छातीठोकपणे सांगून मी पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा अर्थ असा : या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर हवा, सापडला फक्त आय६८६.

मला वाटले, पेनड्राइव्ह खराब असेल. पुन्हा तयार केला, तरी तेच. मग डाउनलोड केलेल्या फाइलच्या नावात 'एएमडी६४' दिसले. लॅपटॉप तर इंटेलचा! चूक सापडली असे वाटले, पण तो माझाच गैरसमज होता. ही ६४ बिट रचना प्रथम एएमडीने आणली म्हणून ते नाव पडले. इंटेलचे ६४ बिट प्रोसेसरही तीच प्रणाली चालवतात.

संध्याकाळी वैतागून मी म्हणालो, "मशीन गेलंय आजोबा, भंगारात द्या."

आजोबा शांतपणे म्हणाले, "बाळा, ते काय सांगतंय ते तू नीट वाचलंस का?"

मी बायोसमध्ये प्रोसेसरचे नाव पाहिले : ॲटम एन२७०. हा २००८ सालचा, फक्त ३२ बिटचा. परेडवर तुकडीला न कळणाऱ्या भाषेत हुकूम दिला तर कोणी हलणार नाही. दोष तुकडीचा नसतो. इथेही तसेच होते. ६४ बिट प्रोसेसर ३२ बिट प्रणाली चालवू शकतो, उलटे मात्र होत नाही.

मग आत्याच्या संगणकावर अँटीएक्स या हलक्या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती उतरवली. ती डिस्कला हात न लावता थेट पेनड्राइव्हवरून चालते. वंशावळ सापडली! आधी तिच्या दोन प्रती दुसरीकडे ठेवल्या, मगच लिनक्स बसवले.

मित्रांनो, जुन्या यंत्रावर लिनक्स बसवण्याआधी 'एलएससीपीयू' ही आज्ञा द्या. प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा, ते ती सांगते. 'युनेम -एम' वर विसंबू नका. ती चालू कर्नलची रचना सांगते, प्रोसेसरची नव्हे. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही, म्हणून आवृत्तीही पाहून घ्या.

त्या दिवशी आजोबांची चार वर्षांची मेहनत मी भंगारात घालणार होतो, तीही समोरची एक ओळ नीट न वाचता. आता पडद्यावर काही संदेश आला की मी तो दोनदा वाचतो, मगच हात पुढे करतो.