चित्राचा नेम



वारकऱ्याला ‘नेम’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गळ्यात माळ पडली की एकादशी, हरिपाठ आणि वारी अंगाला लागतात. मन लागो न लागो, पाऊस पडो की पाय सुजो, नेम चुकवायचा नाही. मन लागण्याची वाट पाहत राहिलो असतो तर आपल्यातले निम्मे लोक अजून घरच्या ओसरीवरच बसलेले दिसले असते. आज मी तुमच्यापुढे जो नेम ठेवणार आहे, तो संप्रदायाच्या नेमांत मोडत नाही. गेली सात वर्षे मी रोज एक चित्र काढतो, आणि महिन्यातून दोनदा गावच्या मंदिरात चार जणांना चित्र काढायला बसवतो. कीर्तनकाराच्या हाती कुंचला कसा आला आणि त्याने काय शिकवले, ते ऐका.

आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत माझे शिक्षण झाले. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षे नारदांच्या गादीवर उभा राहिलो. साठी उलटल्यावर घशाचे दुखणे लागले. सदुसष्टाव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली आणि उंच स्वर कायमचा वर्ज्य झाला. बोलता येते, हरिपाठ हळू आवाजात म्हणता येतो; पण मृदंग भरात आला असता त्याच्यावरून चाल उचलावी, ते दिवस संपले. सप्ताहाची निमंत्रणे हळूहळू थांबली. लोक पाया पडत आणि म्हणत, “बुवा, पुष्कळ सेवा झाली, आता विश्रांती घ्या.” माउली, त्या विश्रांतीचा मला धाक वाटू लागला होता. कुठे मंडपात टाळ वाजू लागले की मी उठून घरात जाऊन बसे. ज्याच्यापाशी देण्यासारखे एकच होते आणि तेच गेले, त्याने देवाच्या दारी काय घेऊन उभे राहावे, हा प्रश्न रात्र रात्र झोपू देत नसे.

त्याच सुमारास नात एलिमेंटरी ग्रेड परीक्षेची तयारी करत होती. तिच्या अभ्यासात वस्तुचित्र होते आणि स्मरणचित्रही होते. स्मरणचित्र म्हणजे समोर काही न ठेवता, आठवून काढायचे चित्र. तो शब्द ऐकून मी थबकलो. आपण नामस्मरण म्हणतो. हे रूपाचे स्मरण झाले! तिची उरलेली पेन्सिल घेतली, एका लग्नपत्रिकेची पाठकोरी बाजू पुढे ओढली आणि विटेवरचा विठोबा काढू लागलो.

भजनात आपण आरंभी रूपाचा अभंग म्हणतो. ती मूर्ती मी शब्दांनी हजारो वेळा उभी केली असेल. पण कागद शब्दांवर भागत नाही. तो विचारतो, कटीवरच्या हाताचे कोपर खांद्यापासून किती दूर? दोन्ही पावले सम टेकली आहेत तर वीट किती रुंद? मकरकुंडले खांद्याला टेकतात की अधांतरी राहतात? पीतांबराची चूण गुडघ्यापाशी कशी वळते? पुढच्या वारीत हे सारे प्रश्न घेऊन मी पंढरपूरच्या रांगेत उभा राहिलो. पायांवर डोके ठेवायला क्षणच मिळतो, हे तुम्ही जाणता. त्या वेळी त्या एका क्षणात डोळ्यांनी जेवढे घेतले तेवढे अधाशासारखे कधी घेतले नव्हते. घरी येऊन काढले, चुकले, पुन्हा काढले. तिथून रोजचा नेम जडला. पहाटेचा हरिपाठ आधी, मग चित्र. क्रम उलटा होऊ द्यायचा नाही, एवढी खूणगाठ बांधली.

रोज तेच रूप काढायचे म्हणून हाताला नवी नवी साधने घेऊन पाहिली. प्रत्येक साधनाचा स्वभाव निराळा.

पेन्सिल गरीब आहे. चुकले तर खोडता येते, म्हणून नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. कोळसा मी घरीच करतो. तुरीच्या वाळक्या काड्या पत्र्याच्या डब्यात घट्ट भरायच्या, झाकणाला एक बारीक भोक ठेवायचे आणि डबा चुलीत घालायचा. भोकातून धूर यायचा थांबला की काड्या जळून राख न होता कोळसा झालेला असतो. या कोळशाला बारीकसारीक कलाकुसर मानवत नाही. बोटे आवळून धरला तर तो तुटतो. सैल धरून हात खांद्यापासून फिरवावा लागतो. मग मात्र एका फटक्यात मूर्तीचा सारा भार कागदावर उतरतो.

मातीचे रंगही करून पाहिले. गेरू, पिवळी माती, खडू आणि तिळाच्या तेलाच्या दिव्यावर पितळी ताटली उपडी धरून जमवलेली काजळी. हे सारे वस्त्रगाळ करून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलायचे. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो. जास्त झाला तर तडकतो. किती घालावा याचे माप पुस्तकात सापडत नाही, खलणाऱ्या हाताला कळते. आईला भाकरीच्या पिठात पाणी किती लागते हे कोणी मोजून सांगितले होते?

तैलरंग फार दिवस जमले नाहीत. टर्पेंटाइनच्या वासाने घसा धरतो. पण जवसाच्या तेलातला रंग वाळायला दिवसच्या दिवस लागतात, आणि तोवर त्याला हात न लावता राहणे ही सुद्धा साधना आहे, एवढे त्यातून पदरी पडले.

सर्वांत जास्त शिकवले ते जलरंगाने. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो. जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा ठेवायचा असतो. आधी फिके, मग गडद, असा क्रम. एकदा गडद झालेला भाग पुन्हा पहिल्यासारखा उजळत नाही. म्हणजे हात लावण्यापूर्वी कुठे हात लावायचा नाही हे ठरवावे लागते. कीर्तनातही निरूपण करताना दोन वाक्यांच्या मध्ये थांबावे लागते. ती जागा भरून काढली की श्रोता गुदमरतो.

आणि याच जलरंगात मला ‘सावळा’ सापडला. नळीतला तयार काळा रंग लावला की मूर्ती कोळशाच्या ढिगासारखी मुकी दिसे. देव काळा खरा, पण आपण त्याला सावळा म्हणतो. त्या दोन शब्दांत अंतर किती, हे डोळ्यांना पाहायचे असेल तर करून पाहा. अल्ट्रामरीन निळा घ्यावा आणि त्यात बर्न्ट सिएना नावाचा तांबूस तपकिरी रंग मिसळावा. दोन्ही एकमेकांत विरून जवळजवळ काळा होतो; पण पाणी वाढवले की कुठे निळसर झाक येते, कुठे उबदार तांबूस. खांद्यावर आषाढातल्या ढगाची निळाई, गालावर मातीची ऊब. ज्या दिवशी तो रंग पहिल्यांदा साधला, त्या दिवशी मी कागद समोर ठेवून कितीतरी वेळ नुसता बसलो. संतांनी तो शब्द किती जपून वापरला असेल, हे त्या दिवशी उमगले.

आता तुमच्या मनात येईल ते आधीच माझ्या कानावर आले आहे. आमच्या फडातल्या एका वयोवृद्ध माळकऱ्यांनी मला सरळ विचारले, “बुवा, नाम घ्यायच्या वयात हे रंगाचे खेळ कशाला?” त्यांचा अधिकार मोठा, आणि प्रश्नात खोट नव्हती. मी त्यावर पुष्कळ दिवस विचार केला. नरहरी महाराजांची हातोडी सुटली नाही, अरणला सावता महाराजांचा मळा सुटला नाही, तेरला गोरोबाकाकांचे चाक फिरत राहिले. पण त्यांच्या हातातली कामे त्यांच्या पोटाची होती आणि त्यांची योग्यता आपण जाणतो. त्यांचे नाव पुढे करून आपल्या हौसेला सोवळे नेसवणे बरे नव्हे. म्हणून मी त्या माळकऱ्यांना एवढेच म्हणालो, “दादा, रंग कालवताना जीभ मोकळी असते. तिच्यावर नाम असले तर सेवा, नसले तर खेळ. रोज पाहतो आहे कोणते होते ते.” ते हसले. पटले की नाही, सांगितले नाही. अधूनमधून येऊन माझ्या शेजारी माळ ओढत बसतात.

शब्द आणि चित्र यांची सोयरीक आपल्याकडे जुनी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातले चित्रकथी चित्रांचे एकेक पान श्रोत्यांपुढे उभे धरून रामायण-महाभारतातली आख्याने गाऊन सांगतात. ती परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आख्यान तेच, एकाने गळ्याने सांगितले, दुसऱ्याने पान उभे धरले. हे ध्यानात आले तेव्हा मला धीर आला.

मंदिरातली बैठक चार वर्षांपूर्वी सुरू झाली. मुलांनी फळ्यावर ‘चित्र कार्यशाळा’ असे भारदस्त नाव लिहिले, तेच रूढ झाले. महिन्यातले दोन रविवार, दुपारी चार ते सहा, नंतर सर्वांनी मिळून हरिपाठ. वीस-पंचवीस जण येतात: शाळेतली मुले, भजनी मंडळातल्या बायका, एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक. बिदागी कीर्तनाची घेतली नाही, इथली काय घ्यायची? प्रत्येकाने पाठकोरे कागद आणायचे, एवढीच दक्षिणा. एका बैठकीला एकच साधन. कोळशाच्या दिवशी रंग नाही, जलरंगाच्या दिवशी खोडरबर नाही. ‘विठ्ठल काढा’ असे मी कोणाला सांगत नाही. तुळशीचे पान, टाळ, वीणा, चंद्रभागेची पायरी, जे झेपेल ते. आणि एक नियम माझ्यासाठी: दुसऱ्याच्या कागदावर माझा हात चालवायचा नाही. आमच्या गुरुजींनी चाल चुकली तर पुन्हा म्हणायला लावली, पण शिष्याच्या तोंडातून स्वतः गायले नाहीत.

या बैठकीला माझे जुने टाळकरी येतात. तीस वर्षे ते माझ्यामागे उभे राहिले. आता कंपवाताने हात थरथरतात, टाळ धरवत नाही. पहिले तीन रविवार ते नुसते भिंतीला टेकून बसले. चौथ्यांदा मी त्यांच्यापुढे वर्तमानपत्राचा मोठा कागद अंथरला आणि कोळशाची जाड काडी दिली. म्हणाले, “महाराज, या हाताने देव काढू? त्याचे नाक कुठल्या कुठे जाईल.” मी म्हणालो, “मग वीट काढा.” त्यांनी वीट काढली. थरथरत्या हाताची, कडा वेड्यावाकड्या, भाजलेल्या मातीसारखी खडबडीत वीट. गेले वर्षभर ते वीटच काढत आहेत. वर कोणी उभे नसते. एकदा एका मुलाने विचारले, “आजोबा, यावर देव कधी येणार?” ते म्हणाले, “पुंडलिकाने तरी कुठे विचारले होते? त्याने वीट फेकली. आपले काम विटेचे.” मी तोंड फिरवून रंगाची वाटी धुवायला गेलो. पंचेचाळीस वर्षांत असे निरूपण मला साधले नव्हते.

माउली, आता मूळ गोष्ट सांगतो. मला वाटत होते की माझी सेवा म्हणजे माझा आवाज. कोळसा, गेरू, काजळी, पाणी, असे एकेक साधन हाती धरून आणि खाली ठेवून हळूहळू ध्यानी आले की आवाजही त्यांतलेच एक होता. फार सुंदर होता, देवाने दिलेला होता, आणि त्याची मुदत होती. कोळसा झिजतो तसा तो झिजला. ज्याचे रूप काढायचे तो काही झिजला नाही. आजही कुठे मंडपात मृदंग घुमला की पोटात तुटते. ते तुटणे गेले असे खोटे सांगणार नाही. पण आता उठून घरात जात नाही. कागद घेऊन मंडपाच्या कडेला बसतो आणि जे ऐकू येते ते काढतो.

काढलेल्या चित्रांतली एकादशीची तेवढी ठेवतो. बाकीची मुलांना सरावाला जातात. त्यांवर सही नाही, विक्री नाही. कीर्तनाला मिळणाऱ्या वाहवेचे ओझे किती असते हे मी पाहिले आहे; ते पुन्हा डोक्यावर घ्यायची हौस नाही.

तुमच्यातही कोणी असेल, ज्याचा गळा बसला आहे, जिचे गुडघे वारीला साथ देत नाहीत, जिच्या हाताला आता जाते की फुगडी सोसत नाही. तुम्ही चित्रच काढा असा माझा आग्रह नाही. पण ‘माझी सेवा संपली’ असे म्हणण्यापूर्वी हाताशी काय उरले आहे ते एकदा चाचपून पाहा. काहीच सुचले नाही तर उद्या हरिपाठ झाल्यावर एक पाठकोरा कागद घ्या, चुलीतला विझलेला कोळसा घ्या आणि एक वीट काढा. वाकडी आली तरी चालेल. परवा पुन्हा काढा.

रामकृष्णहरी!