घरात बायबल लावावे

जुन्या घरांतून पोथी वाचीत नसत, पोथी लावीत असत. हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. लावलेली पोथी ठरल्या वेळी, ठरल्या जागी, थोडी थोडी पुढे सरकते. आमच्या पुष्कळ घरांत बायबल मात्र लग्नातील भेट म्हणून येते आणि घरच्या वेदीवर मेणबत्तीशेजारी मानाने बसते. ते पुसले जाते नियमाने, उघडले जाते क्वचित.

वास्तविक हे वळण आम्हांस परके नाही. १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचले. श्रोत्यांच्या कानांस पुराणाची सवय होती, हे त्यांनी ओळखले होते. १६१६ साली राचोल येथे ते प्रथम छापले गेले. पुढे छापील प्रती दुर्मीळ झाल्या, आणि १९०७ साली मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापावयाचा झाला तेव्हा हस्तलिखितांचाच आधार घ्यावा लागला. ती पाने उतरून घेणारे व जपणारे कोणी होते, म्हणून तो ग्रंथ उरला.

आता आरंभ कोठून करावा? पुष्कळ उत्साही माणसे १ जानेवारीस उत्पत्तीच्या पुस्तकास हात घालतात. उत्पत्तीचे ५० अध्याय व निर्गमाचे ४०. रोज एक वाचला तरी एप्रिलच्या तोंडाशी लेवीय उभे राहते, होमबलीचे आणि शुद्धाशुद्धतेचे नियम सुरू होतात, आणि पुस्तक मिटते ते पुढच्या जानेवारीपर्यंत. हा आळस नव्हे. वाट निवडण्यात गफलत झालेली असते. आमच्या मते प्रथम मार्ककृत शुभवर्तमान घ्यावे, अवघे १६ अध्याय. त्यानंतर लूकचे २४, आणि त्याच लेखकाची 'प्रेषितांची कृत्ये', २८. असे ६८ दिवस होतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचण्याच्या भरीस पडू नये. जेथे खूण घातली असेल तेथूनच पुढे जावे. शनिवारी मात्र उद्याच्या मिस्सेतील शुभवर्तमान वाचावे, म्हणजे प्रवचन ऐकताना मन आधीच तयार असते.

वेळ संध्याकाळच्या जपमाळेनंतरची, भात वाढण्यापूर्वीची. नवी वेळ शोधू गेल्यास ती सापडत नाही. आधीच्या सवयीला जोडलेली सवय टिकते. मोबाइलवर सारे बायबल मिळते खरे, पण त्याच मोबाइलवर इतरही सारे मिळते.

आणि वाचावे मोठ्याने, मुलांकडून. सीमाभागात मुले कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जातात. मराठी त्यांच्या तोंडी असते, डोळ्यांखाली नसते. नातू अडखळत वाचतो, आणि जिला अक्षरओळख नाही ती आजी पुढचे वाक्य आधीच सांगते, कारण तिने कथा कानांनी साठवलेली असते. हे दोघे एका कंदिलाखाली वा दिव्याखाली बसले नाहीत तर आजीपाशी असलेली कथा आजीबरोबरच जाईल, आणि नातवाजवळ राहील ते केवळ न उघडलेले पुस्तक. ही धास्ती आम्हांस लेवीयाच्या अध्यायांपेक्षा अधिक वाटते.

लेवीयही कधी तरी येईलच. तोवर घरास गोडी लागलेली असेल. होमबलीचे प्रयोजन न कळल्यास रविवारी मिस्सेनंतर फादरांना चर्चच्या अंगणात गाठून विचारावे.