काट्याचं नाव

मृगाचा दमदार पाऊस झाला की आमच्या चिंचणी गावाच्या आतल्या अंगाची भातखाचरं तुडुंब भरतात, ओढे बोलू लागतात आणि मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. ही वलगण. हा शब्द नुसता उच्चारला तरी मला ओल्या मातीचा आणि कंदिलातल्या रॉकेलचा वास येतो. मुरी, मळे, खवली, वाम असं काय काय मिळायचं, त्यातच शिंगटी.

लहानपणी अंधारात मी तिला मुठीत धरलं आणि मनगटापर्यंत आग चढली. आजीने हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरून ठेवला. म्हणाली, "शिंग आहे म्हणून तर शिंगटी!" शब्दाची व्युत्पत्ती मला पहिल्यांदा कळली ती बोटातून.

कल्ल्यांमागच्या दोन्ही परांचा पहिला काटा, तेच हे शिंग. त्यात विष असतं. अमरकोशात ती ‘शृंगी’ म्हणून येते, बंगालीत शिंगी, आणि खाऱ्या पाण्यातला तिचा भाऊबंद आमच्या मांगेले मच्छीमारांच्या टोपलीत शिंगाळा होतो. (‘मासा’ शब्दाचाही असाच प्रवास आहे. मत्स्यचं प्राकृतात मच्छ झालं. तलासरीपलीकडे गुजरातीत माछली राहिली, आपण मात्र छुरीची सुरी करतो तसा त्या छचा स केला.)

पुढे कळलं की दूर बाल्टिक किनाऱ्यावर, लाटवियाच्या थंड तळ्यांत ‘असरिस’ नावाचा मासा असतो. अंगावर गडद पट्टे, पोटाकडचे पर लाल, पाठीवर काटेरी पर. लाटवियन भाषेत ‘अस्स’ म्हणजे टोकदार, ‘असका’ म्हणजे माशाचा काटा. असरिस हा शब्दही अभ्यासक याच कुळात बसवतात, आणि धार या अर्थाचा संस्कृत ‘अश्रि’ त्याच कुळातला. तिथल्याही कुणाच्या तरी बोटातून रक्त आलं असणार, त्याशिवाय असं नाव पडत नाही. ही नावं मला फार जवळची वाटतात. ती पाण्यात हात घातलेल्या माणसांनी ठेवली आहेत.

आता शहरातल्या दुकानात शिंगटी आणि शिंगाळा दोघांनाही ‘कॅटफिश’ म्हणतात. मांजराच्या मिशा दिसतात त्यात, काटा दिसत नाही. बाजारात मासळी घ्याल तेव्हा टोपलीमागच्या मावशीला त्या मासळीचं नाव विचारा, आणि घरी पोरांना तेच नाव सांगा.