लाल ठिपक्यांवर किती विसंबायचं?

औषधाने जबड्याचं हाड मेलं की कापायचं कुठवर, या एकाच प्रश्नापाशी मी वारंवार अडतो. शिकवण सोपी आहे : बरने, म्हणजे फिरत्या कापणाऱ्या टोकाने, हाड झिजवत जा, लाल ठिपके उमटले की थांब. मेलेलं हाड पिवळट आणि कोरडं असतं, त्यातून रक्त येत नाही, हे खरंच. पण सुजलेल्या मज्जेतूनही रक्त येतं. शिवाय असं हाड मारणाऱ्या औषधांपैकी झोलेड्रोनिक ॲसिड हाडात वर्षानुवर्षं मुरून राहतं. ठिपक्यांपलीकडचं हाडही त्याच औषधाने भारलेलं. कर्करोगाच्या गाठीभोवती निरोगी कडा शोधतात, ती कल्पना आपण इथे उसनी आणली. इथे तशी कडा नसतेच. जे हाड हिरडीखाली तग धरेल तिथे थांबायचं, टोकं घासून गोल करायची, हिरडी ताण न देता मिटवायची. ताण पडला की टाका उसवतो आणि हाड पुन्हा उघडं. तरीही एक्स-रेवर स्वच्छ रेघ दिसावी असं वाटतंच. हा हाताचा अहंकार आहे, आणि तो माझ्यात आहे.

कुणी म्हणेल, मग हातच लावू नका, गुळण्या द्या. 2003 मध्ये मुखशल्यचिकित्सक मार्क्स यांनी अमेरिकेतले असे 36 रुग्ण नोंदवल्यानंतर बरीच वर्षं हाच कल होता. 2022 मध्ये तिथल्या मुखशल्यचिकित्सकांच्या संघटनेने शस्त्रक्रियेला सर्व टप्प्यांवर जागा दिली. मला ते पटतं. गुळणीने मेलेलं हाड जिवंत होत नाही. मात्र थकलेल्या कर्करोगाच्या रुग्णाची वेदना गुळणीने आवरत असेल, तर तीच बरी. ‘औषधच बंद करा’ हा सल्लाही सरसकट चालत नाही : हाडांसाठीचं तसंच दुसरं औषध, डेनोसुमॅब, मध्येच सोडलं तर मणके मोडू शकतात.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंड तालुक्यांकडे माझी खरी तक्रार कागदाची आहे. रुग्णाच्या चिठ्ठीवरच्या ‘हाडाचं सलाईन’ एवढ्यावरून काय समजायचं? झोलेड्रोनिक ॲसिड कर्करोगात बहुधा महिन्याला 4 मिलिग्रॅम देतात, हाडांच्या ठिसूळपणात वर्षाला 5. जोखमीत जमीन-अस्मानाचा फरक. त्यात मिश्रीने काळवंडलेल्या हिरडीत उघडं हाड दाताचा तुकडा समजून ओढलं जातं. म्हणून दोन्ही तालुक्यांतल्या डॉक्टरांना विनंती : पहिल्या इंजेक्शनआधी दात दाखवायला पाठवा, आणि औषधाचं नाव, मात्रा, तारीख रुग्णाच्या हाती लिहून द्या.