आमचे घरचे डॉक्टर

यम नुसते प्राणच नेतो, वैद्य मात्र प्राण आणि पैसा दोन्ही नेतो, अशा अर्थाचें एक जुनें सुभाषित आहे. येथील शाळेंत संस्कृत शिकवीत असतां मी तें मुलांकडून मोठ्या हौसेनें म्हणवून घेत असें. त्यांतलाच एक मुलगा पुढें डॉक्टर होऊन पौडांतच दवाखाना थाटील, हें मला कोठें ठाऊक होतें!

आमच्या मुळशी तालुक्यांत घरच्या डॉक्टरास औषधाहून इतर कामेंच फार. सुई टोचल्याशिवाय रोग्याचें समाधान होत नाहीं. नुसती गोळी देणारा तो अर्धाच डॉक्टर! आषाढांत लावणी करणारांचे पाय चिखल्यांनीं खाल्ले कीं मलम तत्काळ हवें. पैसे मात्र भात झोडल्यावर, आणि तेहि पुष्कळदां आंबेमोहराच्या रूपानें. मुलीस आलेलें स्थळ कसें आहे, हेंहि त्यालाच विचारावयाचें. आमच्या घरांत तर औषध त्याचें घ्यावें आणि गुण आल्यास श्रेय सुंठीच्या काढ्यास द्यावें, असा नेमच आहे. मीहि तो बाजारांत भेटला कीं तेथेंच जीभ काढून दाखवीत असें.

एका कार्तिकांत पेंढ्यांतला लाल विंचू माझ्या सात वर्षांच्या नातवास चावला. पोर घामानें निथळलें, ओकूं लागलें, हातपाय गार पडले. दवाखान्यांत नेलें, तों ह्यानें रक्तदाबाची गोळी काढली!

"अरे, एवढ्याशा पोराला रक्तदाब कसला?" मी ओरडलों.

"गुरुजी, ह्या विषानें रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर ताण येतो. ताम्हिणी उतरून माणगांवावरून गेलें कीं महाड. तेथें डॉ. हिंमतराव बावस्करांनीं हेंच प्राझोसिन विंचूदंशावर देऊन माणसें वांचविलीं."

२०२२ सालीं पद्मश्री मिळाली तेच हे बावस्कर. पण त्या रात्रीं मला त्यांचें काय? हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनीं गोळी, असा क्रम होता. तो पोराच्या तळव्यांवर हात ठेवून बसलेला, आणि मी घड्याळाकडे पाहत. "अहो डॉक्टर, वांचेल ना हो?" माझ्या तोंडून निघून गेलें.

पहांटे तळव्यांना ऊब आली. थोड्या वेळानें नातवानें बिस्किट मागितलें. मीं खिशांत हात घातला, तों तो म्हणाला, "पैसे राहूं द्या, गुरुजी. एवढेंच सांगा, त्या सुभाषितांत माझा एक गुण कां कापलात?"

"अरे, वैद्याचा विसर्ग खाल्ला होतास!"