मीटर बंद

वाहन शाखा म्हटल्यावर गाड्यांशी संबंध येईल असं मला वाटलं होतं. आला तो वह्यांशी. २०१८ साली कोल्हापुरातल्या एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून रुजू झाले आणि टेबलावर सहा गाड्यांची लॉगबुकं येऊन पडली.

लॉगबुक पाहिलंय कधी? तारीख, कुठून कुठे, कशासाठी, निघतानाचं मीटर, परतल्यावरचं मीटर, किती डिझेल भरलं आणि शेवटी गाडी वापरणाऱ्याची सही. सरकारी गाडीचं सगळं आयुष्य या रकान्यांवर चालतं. डिझेल, सर्व्हिसिंग, बॅटरी, टायर, जे मागाल त्याला आधी एकच प्रश्न असतो : गाडी चालली किती? गाडी आहे कशी, याला रकाना नाही.

सहांतली सगळ्यात जुनी बोलेरो, २००८ची. ती मामा चालवायचे. सगळं ऑफिस त्यांना मामाच म्हणायचं. तिच्या टपावर जुन्या दिव्याची दोन भोकं होती. १ मे २०१७ला साहेब लोकांच्या गाड्यांवरचे दिवे उतरले, तेव्हा मामांनी त्यांत एम-सील भरलं आणि वरून पांढरा रंग मारला. स्वतःच्या पैशानं. पंक्चर, फ्यूज, वायपरचं रबर, हेही त्यांच्याच खिशातून जायचं. “बिल लावत बसलं तर पावसाळा सरंल,” म्हणायचे. आमच्या गाड्या अनुदानावर चालतात असं कागदावर दिसतं. निम्म्या तर ड्रायव्हरांच्या पगारावर चालत होत्या.

२०१९च्या मे महिन्यात मामांनी टायर बदलून मिळावेत म्हणून अर्ज दिला. मी लॉगबुक काढून बेरीज केली. टायरला नेमून दिलेलं अंतर पूर्ण व्हायला अजून बरेच किलोमीटर बाकी होते. टिपणीत लिहिलं, “विहित अंतर पूर्ण झालेले नसल्याने मागणी तूर्त मान्य करता येत नाही.” वाक्य मला फार आवडलं होतं. साहेबांनी एक शब्द न बदलता सही केली, तेव्हा तर जास्तच.

मामा टेबलापाशी आले. “मॅडम, कागदाचं ऱ्हाऊ द्या. खाली येऊन टायरात बोट घालून बघा की.”

मी गेले नाही. दोन जिने उतरायचे होते.

मी केलेली बेरीज बरोबर होती, पण तिच्यात चार महिने जवळजवळ नव्हतेच. जानेवारीत मीटरची केबल तुटली होती. तेव्हापासून लॉगबुकात ‘मीटर बंद’ लिहून तालुक्याच्या गावापर्यंतचं अंतर अंदाजानं टाकलं जायचं. त्यातच लोकसभेची निवडणूक आली. २३ एप्रिलच्या मतदानापर्यंत गाडी गावोगाव फिरत होती. ते आतले फेरे कुठंच नव्हते. आणि काहीशे रुपयांची ती केबल का बदलली नाही? तीन दरपत्रकांऐवजी एकच जोडलंय म्हणून ती फाईल मीच परत पाठवली होती.

जूनच्या शेवटी दाजीपूरकडून येताना पावसात, वळणावर गाडी घसरली. डोंगराच्या बाजूला गेली म्हणून बरं. दुसऱ्या बाजूला दरी होती. गाडीत मामा एकटेच होते. त्यांच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं.

गाडी ओढून आवारात आणली तेव्हा मी जिने उतरले. टायरच्या खाचांत १.६ मिलिमीटर उंचीचे बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. मी बोट फिरवलं. उंचवटे सापडलेच नाहीत. खाचांसकट गेले होते.

मला कुणी काही विचारलं नाही. टिपणी नियमाप्रमाणे होती. खुलासा मागवला मामांकडून, वेग जास्त होता का म्हणून. हात गळ्यात बांधलेला, त्यामुळे ते लिहून घ्यायला माझ्याकडेच आले.

“पाऊस हुता, गाडी घसरली. येवढंच लिवा.”

“टायरच्या अर्जाचं लिहू का?”

“लिवलं तर तुमची टिपणी निघंल, मॅडम. नवी नोकरी तुमची.”

मी तेवढंच लिहिलं. पाऊस होता, गाडी घसरली. त्यांनी डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. त्यांना समज मिळाली. मला पुढच्या वर्षी चांगला शेरा मिळाला.

आता दर सोमवारी मी आवारात जाते, सगळ्या गाड्यांच्या टायरांवरून बोट फिरवते. ऑफिसात हसतात. हसू देत.

१ एप्रिल २०२३पासून १५ वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपली. बोलेरो त्यात होती. तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव माझ्याकडेच आला. सगळे रकाने भरले आणि ‘एकूण धावलेले अंतर’ इथं थांबले. मीटरवर आकडा होता, पण ते चार महिने त्यात नव्हते. निवृत्त झालेल्या मामांना फोन लावला.

“त्ये आता कुणाला ठावं, मॅडम?” मग जरा थांबून, “सेल्फ मारतीया का अजून?”

“एका दमात.”

“मारणारच. बॅटरी म्या घातलीया.”

बॅटरीची मागणी कुठल्याच फाईलमध्ये नव्हती. मी मीटरवरचा आकडा लिहिला आणि खाली सही केली.